हजार इंद्रभान

भिमामावशी दुकानात आली आन म्हणे, "शाकिर, पिक्चरमधून आमच्या माणसाचा फोटो काढून दे."

जळगाव जामोदले माह्यं फोटोचं दुकान हाये. पासपोर्ट साइजपासून बारशाच्या बॅनरपर्यंत सारं करतो, पण असं गिऱ्हाईक पयल्यांदाच आलं. तिचा नवरा इंद्रभान माह्या ओळखीचा. दोघं जन्मभर लोकाच्या वावरात कामाले गेले. मागच्या वर्षी त्याच्या छातीत कळ आली आन माणूस गेला. आता वर्षाचं पुण्यानुमोदन होतं, आन तिले बुद्धाच्या अन् बाबासाहेबांच्या फोटोजोळ त्याचाही फोटो ठेवाचा होता.

"आधार कार्डावरचा हाये ना," मी म्हटलं.

"त्यात तो जित्तेपणीच मेल्यावानी दिसते. मले चांगला पायजे."

पिक्चरचं खरं होतं. दोन वर्सामागं सातपुड्याच्या पायथ्याले शूटिंग झाली होती. तो डायरेक्टर माह्या लय आवडीचा. त्याच्या पिक्चरमधी डोंगर उठून चालतात, तलवारीतून पाखरं उडतात. गोष्ट काय हाये ते मले एकदाही समजलं नायी, पण डोळे काई हटत नायी. त्यानं आमच्या इकडचे लोक सैनिक म्हणून घेतले, आन एक दिवस इंद्रभानले एकट्यालेच हिरव्या पडद्यापुढं चालोलं.

मी लॅपटॉपवर पिक्चर लावला. राक्षसाच्या किल्ल्यावर फौज चालली होती. हजारभर सैनिक, साऱ्यायच्या तोंडावर लोखंडी मुखवटे.

"हा पाह्य, चाल त्याचीच," मावशीनं एकावर बोट ठेवलं. मंग दुसऱ्यावर. मंग तिसऱ्यावर. मंग बोट तसंच हवेत राह्यलं. "शाकिर, हे तं सारेच तो हायेत."

मी नीट पाह्यलं. डावा खांदा खाली, उजवा पाय जरासा ओढत. हजारही तसेच. मी सांगतलं, "मावशी, कॉम्प्युटरनं एकाचे हजार केले. झेरॉक्सवानी."

"मंग असली कोणता?"

आता घ्या! मी मोठं करून पाह्यलं, पुढं नेलं, मागं आणलं. पुढच्या रांगेतला म्हणावं तं मागचाही तोच. डोकं भनभनलं. चिडून म्हटलं, "कोणताबी घे ना, काय फरक पडते?"

"फरक नायी? झेरॉक्सले फुलं वाहू काय मी?" तिचे डोळे भरले. मी पिक्चर पुढं चालू केला.

तेवढ्यात तो सीन आला. टॉकीजमधी याच सीनले शिट्ट्या पडत. चालता चालता सारी फौज एकदम मान वळवून मागं पाह्यते. लोक म्हणत, राक्षसाची चाहूल लागली. मीबी तेच समजत होतो.

मावशीनं तोंडाले पदर लावला. "हे तं मी बलावलं त्याले," ती म्हणे. "डबा इसरला होता. जन्मभर इसरला. वावरात निघाला का मी मागून वरडाची, अवो, डबा राह्यला! तो असाच वळाचा. शूटिंगच्या दिवशी हिरव्या पडद्याजोळ मले कोणी जाऊ देईना, म्हणून दुरूनच वरडली. वाटलं, डायरेक्टर आता झापते. तो उलट खुश झाला. काऊन, ते मले अजूनही समजलं नायी."

मले समजलं होतं का नायी, तेच समजेना. मी तो सीन थांबवला आन मोठा करून छापला. दुसरं काय करू?

पुण्यानुमोदनाले मीबी गेलो. फोटोपुढं मेणबत्त्या लागल्या होत्या. इंद्रभानची बहीण झुंबरबाई हातात फूल घेऊन कितीतरी वेळ फोटोपुढं उभी राह्यली. शेवटी मावशीले हळूच म्हणे, "वैनी, यातला माहा भाऊ कोणता वो?"

"मी हाक मारली तवा वळला तो."

"वळले तं सारेच."

"हाव," मावशी म्हणे. "पण डबा मी एकच नेला होता."

आन वर्षभर धरून ठेवलेलं रडू तिले तिथंच आलं.