विहिरीतले पाच मांगूर

विहिरीत मासे मीच टाकले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला शोधत बसायला नको.

त्या साली आमच्या वस्तीवर डेंग्यूचा ताप फिरत होता. आरोग्य केंद्रातली बाई बाटलीत गप्पी मासे घेऊन आली. बोटाच्या पेराएवढे. म्हणाली, हौदात सोडा, डासांच्या अळ्या खातात. मी मनात म्हटलं, एवढासा जीव खाऊन खाऊन किती खाणार? मोठा टाकला तर जास्त खाईल. हर्सूलच्या बाजारात एकजण पत्र्याच्या डब्यात जिवंत मांगूर घेऊन बसला होता. काळे, वीतभर, मिशांचे. "पाण्याबाहेर काढला तरी मरत नाय मावशी, लई चिवट जात," तो म्हणाला. मला त्याचं कौतुक वाटलं. पाच घेतले, घरी आणले आणि विहिरीत सोडले.

आमची विहीर ओढ्याच्या काठावर आहे. पावसाळा चांगला झाला की ती तोंडापर्यंत भरते आणि वरचं पाणी ओढ्यात उतरतं. ओढा खाली पाझर तलावाला मिळतो. त्या तलावात आमचा शेजारी मासे वाढवतो. जातीचा भोई, पन्नाशीचा माणूस. रोहू-कटल्याचं बारीक बी आणून सोडायचं आणि मोठं करून विकायचं, त्याच्यावरच त्याचं घर चालतं.

दोन वर्षांनी, मे महिन्यात, तो सकाळीच आमच्या अंगणात आला. हातात कोपरापर्यंत भरेल एवढा लांब मांगूर होता. पोट चिरलेलं आणि आत रोहूची पिलं.

"मावशी, हे माझ्या जाळ्यात घावलं. मी सोडलेलं नाय. वरच्या अंगाला विहीर एकच, तुमची."

चार माणसं जमली होती. सगळी माझ्याकडं बघत होती.

"माझंच असंल," मी म्हटलं. "दोन टाकले होते."

मला लोक फटकळ म्हणतात. खोटारडी कुणी म्हणत नाही. पण माझ्या लहानपणी गावच्या विहिरीवर आम्हाला पाय ठेवता येत नव्हता. कुणी वरून घागरीत ओतलं तर पाणी. ही विहीर मी आणि माझ्या नवऱ्यानं आमच्या हातांनी खणली. तिच्या पाण्याला कुणी नाव ठेवलं की माझं डोकं फिरतं. दोन म्हटलं की चूक वाटते. पाच म्हटलं की अक्कल गेली होती असं वाटतं. म्हणून दोन.

भोयानं मत्स्य खात्याच्या साहेबाला बोलावून आणलं. तरुण, चष्मेवाला, बोलायला बरा. त्यानं सांगितलं, या माशाला बंदी आहे. जे मिळेल ते खातो, ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो. विहिरीत त्याची वीण होत नाही. पण पावसात विहीर भरून वाहिली आणि नर-मादी तलावात पोहोचले, तर मग काही करता येणार नाही. "विहीर आत्ताच उपसायची, आजी. पावसाचे झरे सुटले की तुमची मोटर पुरी पडणार नाही."

दुसऱ्याच दिवशी काम धरलं. मुलगा वाळूजच्या कंपनीत पहिल्या पाळीला गेलेला. सून स्टार्टरपाशी बसली. लाईट दोन वाजेपर्यंतच असते. बारा वाजता तळाला गुडघाभर पाणी राहिलं तेव्हा भोई जाळं घेऊन खाली उतरला. ओढ्याच्या वरच्या अंगाला आभाळ काळं झालं होतं.

अर्ध्या तासात एक मांगूर सापडला. पाटीतून वर आला तेव्हा काठावरची माणसं ओरडली.

"झालं!" साहेब म्हणाला. "एक तलावात गेला, एक हा. दोन्ही मिळाले."

भोई वर चढायला लागला. सुनेचा हात स्टार्टरकडं गेला.

"मोटर बंद करू नको," मी म्हटलं.

"का आत्या?"

"अजून तीन हायत."

मोटरीच्या आवाजातही ते सगळ्यांना ऐकू गेलं. भोई तिसऱ्या पायरीवर थांबला आणि मान वर करून बघायला लागला.

"काय म्हणलात?"

"पाच टाकले होते. मी खोटं बोलले."

काठावरून एकजण म्हणाला, "मावशी चौथी शिकलीय म्हणत्यात. पाचवी शिकली असती तर पाच म्हणाली असती." दोघं-तिघं हसले. भोई हसला नाही.

"वर आल्यावर बोलतो तुमच्याशी," तो म्हणाला आणि परत खाली गेला.

दीड वाजेपर्यंत चिखलातून आणखी दोन निघाले. शेवटचा काही सापडेना. त्यानं सगळा तळ पायानं चाचपला. मग लाईट गेली, दोनाच्या आधीच. मोटर थांबली आणि झऱ्यांचा आवाज ऐकू यायला लागला. पाणी त्याच्या गुडघ्याच्या वर चढलं.

"मावशी, नक्की पाचच ना? आता सहा नका करू!"

"पाचच!"

पाणी मांडीला लागलं. साहेब म्हणाला, वर या, पुन्हा कधीतरी बघू. पुन्हा कधी? मला आभाळ दिसत होतं. मी काठावर पालथी पडून खाली बघितलं. बांधकाम माझ्यासमोर झालंय, दगडन् दगड मला माहीत आहे.

"ओढ्याच्या अंगाच्या कोपऱ्यात बघ! खालून तिसरा थर. तिथला दगड निखळलाय, मागं पोकळी हाय!"

त्यानं खांद्यापर्यंत हात आत घातला. क्षणभर काही नाही. मग तो असा ओरडला की सून उठून धावली. मांगराचा काटा तळहातात गेला होता. पण त्यानं मासा सोडला नाही. दुसऱ्या हातानं गलफड्यात बोटं घालून ओढून काढला. पाचांत सगळ्यात मोठा तोच होता.

चारही मासे पाटीत पडले होते. पहिल्याला बाहेर येऊन दीड तास झाला होता, तरी तो तोंड हलवत होता. साहेबानं खड्डा खणून घेतला, मासे त्यात टाकले, वर पांढरी पावडर टाकली आणि माती लोटली.

मग तो झाडाखाली पंचनामा लिहायला बसला. भोई बाजूला हाताला फडकं गुंडाळून उभा होता. फडकं लाल झालं होतं.

"आजी, किती मासे सोडले होते?"

"पाच. आधी दोन सांगितले ते खोटं होतं. तेबी लिहा."

"त्याला कागदावर जागा नाही, आजी."

"लिहा साहेब," भोई म्हणाला. "पुढं जागा नसंल तर मागं लिहा."

साहेबानं कागद उलटा करून लिहिलं आणि माझ्यापुढं धरला. मी अक्षर अक्षर लावून दोन्ही बाजू वाचल्या. बरोबर होतं. मग सही केली आणि कागद भोयाकडं दिला. त्याला उजवा हात उचलवत नव्हता, त्यानं डाव्या हातानं केली.