अण्णांची गोळी आणि तुळशीचं पान

केटरिंगच्या धंद्यात भांडी घासून होतात, पण किस्से काही धुऊन जात नाहीत. दर लग्नात एखादा नवा चिकटतोच. मी शाळा लवकर सोडली आणि पंचवटीत अण्णांच्या हाताखाली पुऱ्या तळायला लागलो. बोलायला लाजतो, म्हणून ऐकतो फार. त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच साठलेत. अलीकडचे बहुतेक अण्णांच्या साखरेचे!

*

अण्णा म्हणजे आमचे मुख्य आचारी. भट्टीसमोर उभे राहिले की त्यांना धाप लागायची. फुप्फुसाला सूज आहे म्हणून डॉक्टरांनी स्टेरॉइडची गोळी दिली. धाप कमी झाली, पण रक्तातली साखर चढली!

अण्णा चिडले. "डॉक्टर, जन्म पाकात गेला, तेव्हा वाढली नाही. तुमच्या एवढ्याशा गोळीनं वाढली? बंदच करतो ती!"

"अचानक बंद केलीत तर जिवावर बेतेल," डॉक्टर म्हणाले. "मी सांगेन तशी हळूहळू कमी करू. तोवर साखरेचं औषध घ्या आणि गोड बंद. काम काय करता?"

"जिलेबी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

*

अण्णा सकाळी उपाशीपोटी मशीनवर साखर बघायचे. आकडा छान! मग त्या आनंदात दुपारी वाटीभर श्रीखंड.

डॉक्टरांनी पुन्हा समजावलं, "सकाळच्या गोळीनं साखर दुपारनंतर चढते. जेवणानंतर तपासा."

"म्हणजे ती पण पाहुण्यांसारखीच," अण्णा म्हणाले, "बरोबर पंगतीच्या वेळेला हजर!"

*

मग दुपारी तपासायला लागले. एका लग्नात जिलेबीचा घाणा चालू असतानाच त्यांनी बोट टोचलं. आकडा बघून मंगलकाकू, म्हणजे अण्णांची बायको, ओरडल्या, "टेम्पो काढा!" आम्ही अण्णांना टेम्पोत घातलं. द्वारका चौकात नेहमीसारखा जाम. काकू देवाचं नाव घेतायत, मी हॉर्न वाजवतोय, आणि अण्णा मागे वळून ओरडतायत, "अरे, गॅस बारीक केला का कोणी?"

दवाखान्यात सिस्टरनं त्यांचा हात धरला आणि लगेच सोडला. चिकट! साबणानं हात धुवायला लावले, पुसले आणि पुन्हा टोचलं. आकडा निम्म्यावर!

"काका," सिस्टर म्हणाली, "बाकीची साखर जिलेबीची होती."

*

त्या गोळीनं भूक पण फार लागते. अण्णा चव घ्यायच्या निमित्तानं गोडाचे चमचे उडवायचे. काकूंनी उपाय काढला. आमच्याकडे देवाच्या कामाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणी चव घेत नाही. भंडाऱ्याचा स्वयंपाक अण्णा नुसत्या वासावर करतात. तर काकू लग्नातही प्रत्येक गोडाच्या पातेल्यावर तुळशीचं पान ठेवायला लागल्या.

"नैवेद्य व्हायचाय."

"अगं, कधी होणार?"

"पाहुणे जेवल्यावर!"

अण्णा देवभोळे. हात लावायचे नाहीत.

*

काकू पान ठेवायच्या आधी चमचाभर मलाच द्यायच्या. गोडाची चव घ्यायचं काम असं माझ्याकडे आलं. मी बासुंदी चाखायचो आणि म्हणायचो, "चांगलीय."

"चांगलीय म्हणजे काय रे? साखर कशीय?"

मला शब्दच सुचायचे नाहीत. अण्णा माझ्या तोंडाकडे बघायचे आणि म्हणायचे, "मूठभर टाका अजून. हा खाली बघायला लागला की कमी असते."

*

गोळ्यांनी अण्णांचा चेहरा गोल झाला होता. एका लग्नात नवरीचा मामा त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "आचारी असा गुटगुटीत पाहिजे! म्हणजे जेवणाची गॅरंटी."

सगळे हसले. अण्णाही हसले. मग झारा खाली ठेवला.

"तोंड माझं राहिलं नाही, जीभ माझी राहिली नाही," हळूच म्हणाले. "आचारी कशाला म्हणायचं मग?"

*

दुसऱ्या दिवशी एका साखरपुड्याचं काम होतं. अण्णांनी भाकरी खाल्ली. काकूंनी वाटीत गोळी आणून ठेवली. अण्णांनी शेजारच्या पातेल्यावरचं तुळशीचं पान उचललं आणि गोळीवर ठेवलं.

"नैवेद्य व्हायचाय," म्हणाले.

कोणी हसलं नाही. डॉक्टर काय म्हणाले होते ते सगळ्यांना पाठ होतं. माझी पुरी कढईत करपली.

"अहो, थट्टा पुरे."

"थट्टा नाही. आजपासून बंद."

काकूंनी पान बाजूला केलं. वाटी उचलून भट्टीमागे गेल्या. तिथे आम्ही देवाचा फोटो लावतो. वाटीभोवती पाणी फिरवलं, डोळे मिटले.

मग परत आल्या. पदरानं डोळे पुसले आणि वाटी अण्णांसमोर धरली.

"झाला नैवेद्य. आता हा प्रसाद आहे. नाही म्हणून दाखवा!"

अण्णांनी गोळीकडे बघितलं, फोटोकडे बघितलं. मग चप्पल काढली, डाव्या हातावर उजवा हात ठेवून पुढे केला. काकूंनी त्यावर गोळी ठेवून घोटभर पाणी सोडलं. अण्णांनी तीर्थासारखी गोळी गिळली आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.