मिरची कोणासाठी तिखट

आमच्या घरात फळ यायचं ते कोणी आजारी पडलं तरच. अप्पा आनेकलला कारखान्यात हमाल, आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपणीला. घरात मोसंबी दिसली की मी आधी विचारायची, "ताप कोणाला?" म्हणून जयनगरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी पहिल्याच तासाला कच्चा चिकू चावून थुंकला, तेव्हा वर्ग हसला, मला मात्र रागच आला.

"बी तयार नाही, म्हणून झाड हात लावू देत नाही," तोंडाचा चीक पुसत बाई म्हणाल्या. "बी तयार झालं की तेच झाड साखर घालून बोलावतं. फुकट नाही हं. खा, पण बी लांब नेऊन टाक."

आम्ही त्यांना बियाबाई म्हणायचो. चिकपेटेत साडी घ्यायला जाऊन जांभळाच्या बिया घेऊन परत येणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही.

दुसऱ्या वर्षानंतर मला बघायला आले. मुलगा म्हणाला, लग्नानंतर कॉलेज बंद. मी म्हटलं, "मग तुम्हीही नोकरी सोडा, दोघं घरी बसू." पाहुणे चहा टाकून उठले. अप्पांनी माझं कॉलेज बंद केलं.

मी दिसेना म्हणून बाई बसने थेट घरी आल्या. आईनं भाकरी-ठेचा वाढला. पहिल्या घासालाच बाईंच्या डोळ्यांतून पाणी.

"पोरगीपण अशीच झालीय," अप्पा म्हणाले. "शिकून जीभ वाढली. कोण करणार हिला?"

दारात न्हाणीच्या पाण्यावर मिरचीचं झाड वाढलं होतं. बाईंनी विचारलं, "ही कोणी लावली?"

"कोणी नाही. आपोआप आली."

"पाखरानं आणली, अप्पा. उंदीर बी चावून संपवतो, म्हणून मिरची त्याला झोंबते. पाखराला तिखट लागतच नाही. ते गिळतं आणि बी लांब नेऊन टाकतं. तुमच्याकडे परवा आले होते ना, ते उंदीर होते."

आई पदराआड हसली. अप्पाही हसले, स्वल्प उशिरा. "मग पाखरू कुठून आणू?"

"आणताय कशाला? आधी मिरची पिकू द्या. एकच वर्ष राहिलंय."

अप्पांनी मिरचीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "सरी, जाऊ दे तिला." सोमवारी त्यांनीच मला बसमध्ये बसवलं.

माझ्या निकालाआधी बाईंच्या यजमानांची नागपूरला बदली झाली. निघताना त्या म्हणाल्या, "आईच्या सावलीत रोप खुरटतं गं. तूही लांब जा."

मी पहिल्या वर्गात बी.एस्सी. झाले आणि एम.एस्सी.ला धारवाडला गेले. आमच्या घराण्यात त्याआधी कोणी दहावीही पाहिली नव्हती.