घट्ट नको, पातळ द्या

डॉक्टरांनी माझं पोट कापून केळ्याएवढं केलं आणि ही गोष्ट कुणालाही सांगायची नाही, असं आम्ही नवरा-बायकोनं ठरवलं.

कारण साधं होतं. सोलापुरात माझी खानावळ आहे. खाली खानावळ, वर घर. बाहेरच्या पाटीचा रंग उडून बरीच वर्षं झाली, पण ती रंगवायची गरज कधी पडली नाही. गल्ल्यावर मी बसलो की पोट आधी दिसायचं, मग मी. नवं गिऱ्हाईक ते बघायचं आणि निर्धास्तपणे आत शिरायचं. अशा माणसानं खाणं कमी व्हावं म्हणून ऑपरेशन करून घेतलं, हे बाहेर फुटलं असतं तर धंदा बसला असता. म्हणून ‘पोटाचं किरकोळ ऑपरेशन’ एवढंच सांगायचं आणि गप्प बसायचं, असा बेत होता. (बेत माझा होता. माझे बेत साधारण कसे जातात ते सुमनला विचारा.)

घरी आलो तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, पंधरा दिवस घट्ट काही नाही, फक्त पातळ. म्हणजे गाळलेलं वरणाचं पाणी, ताक, तेही चमच्याचमच्यानं. घाई केली तर आतले टाके उसवतील. भूक खरंच मेली होती, पण जीभ सुतक पाळायला तयार नव्हती. खालून आमटीची फोडणी वर यायची आणि मला भडभडून यायचं. त्यात डावा खांदा ठणकत होता. ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेली हवा खांद्याला लागते म्हणे. सुमनला ते पटेना. डॉक्टरांनी नक्की कुठं कापलं, ते तिनं दोनदा सदरा वर करून बघितलं!

तशात मंद्रूपहून सुमनच्या मावशीचा फोन आला. मावशींना एका कानानं कमी ऐकू येतं आणि फोन त्या नेमका त्याच कानाला लावतात. सुमननं ठरल्याप्रमाणे जास्त काही सांगितलं नाही. म्हणाली, “त्यांना घट्ट काही चालत नाही, मावशी. पातळच द्या म्हणालेत डॉक्टर.”

मावशींनी विचारलं, “जुनं चालतंय का?”

सुमनला वाटलं, त्या जुन्या तांदळाच्या पेजेबद्दल विचारताहेत. ती म्हणाली, जुनं असलं तर फारच चांगलं.

दुसऱ्या दिवशी मावशी एसटीनं हजर. आम्ही दोघं पिशवीकडं डोळे लावून बसलो. पिशवीतून निघालं हिरवंगार, काठपदराचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं नऊवारी पातळ!

“सुमी म्हनली घट्ट चालत न्हाय, पातळच द्यायचं,” मावशी म्हणाल्या. “आमच्याकडच्या समद्या बाळंतिनींची पोटं मीच बांधलीत की. ह्ये सैलसर गुंडाळते, जावईबापू. उगं ऱ्हावा.”

मी सुमनकडं बघितलं. सुमन भिंतीकडं बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. खरा घोटाळा सांगायचा तर मग पोटात काय चालतं, का चालतं, सगळंच सांगावं लागलं असतं. मावशींना कळलं म्हणजे अख्ख्या मंद्रूपच्या बाजाराला कळलं. मी हात वर करून उभा राहिलो. मावशींनी एकेक वेढा देत मला गुंडाळलं. मी “साकु, साकु” म्हणत राहिलो. मावशी घरात कन्नड बोलतात, त्यामुळे ‘पुरे’ म्हटलेलं मराठीत ऐकू आलं नाही तरी कन्नडमध्ये येईल अशी आशा होती. नाही आलं. पण कबूल करतो, पायजम्याची नाडी टाक्यांवर काचत होती, पातळ मुळीच काचलं नाही. मला बरं वाटलं आणि बरं वाटलं याचीच लाज वाटली.

तिकडं खाली धंदा खरोखरच बसत चालला होता. मालकाच्या पोटाला काहीतरी झालंय एवढंच गिऱ्हाइकांना माहीत होतं, त्यामुळे जो तो ताटात वाकून बघत होता. आमटीला कुणी हात लावेना. नेहमीचे कंडक्टरमामा तर केळी घेऊन यायचे, केळी खायचे आणि पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं प्यायचे.

मावशी माझ्यासाठी शेकायचं पाणी आणायला खाली गेल्या. कंडक्टरमामांनी त्यांना गाठून विचारलंच, मालकांना नक्की झालंय काय. मी वरून ऐकलं आणि निऱ्या सावरत जिना उतरायला लागलो. पळता येत नव्हतं. शेवटच्या पायरीवर पोचलो तेव्हा मावशी सांगत होत्या, “मला समदं ठावं हाय. सुमी सांगत न्हाय, पर मी दवाखान्याचा कागद वाचून घेतला शेजारच्या पोरीकडनं. पोट लई मोटं हुतं, कापून बारकं केलंय.”

सगळी खानावळ माझ्याकडं बघायला लागली. मी हिरव्या पातळात जिन्याचा कठडा धरून उभा होतो. धंदा बुडाला, असं मी मनात म्हटलं.

कंडक्टरमामांनी मोठा सुस्कारा सोडला. “एवढंच व्हय! आमाला वाटलं, मालक हितलं जेवले.”

सगळे हसले. आमटीचं भांडं फिरायला लागलं. आता गप्प बसावं की नाही? पण मावशींना बहिणीच्या लेकीचं कौतुक केल्याशिवाय राहवेना.

“जावय हितलं कशाला जेवतील?” त्या म्हणाल्या. “आमची सुमी वर येगळं रांधून घालती की. म्हनून तर एवढं वाढलं.”

आता मी निम्मा झालोय, धंदा पूर्वीइतकाच आहे. फक्त आमटी वाढायला घेतली की प्रत्येक गिऱ्हाईक ताटावर हात आडवा धरतं आणि विचारतं, “मालक, ही वरची का खालची?”