कुंचीचा वास
माझ्या आतेभावाइतका, म्हणजे आमच्या दादाइतका, नाकावर जगणारा माणूस अख्ख्या देवगड तालुक्यात दुसरा सापडणार नाही. लोक पानावर बसले की हात घालतात. दादा आधी वाकून वास घेतो, मग वाढप्याची उलटतपासणी करतो. शिरोड्याच्या एका लग्नात तर तो थेट काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याच्या टोपाशी जाऊन उभा राहिला. "ह्यो वाटाणोच मा? एक अख्खो दाखव बघया!" आचारी घामाघूम. "आवशीची शपथ, वाटाणोच आसा!"

पण हसणाऱ्यांनी त्याचं ते दुखणं पाहिलं नव्हतं. मस्कतहून आलेल्या पुतण्याने फावा नावाच्या शेंगेच्या दाण्यांचा डबा आणला होता. दादाने वाटीभर चवीने खाल्ले, आणि दोन दिवसांत डोळे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी. आम्ही शहाण्यांनी कावीळ ठरवून त्याला पाला वाटून पाजला! शेवटी रक्त चढवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, तांबड्या पेशींना सांभाळणारं एक द्रव्य यांच्यात जन्मापासूनच कमी आहे. हे दाणे, मलेरियाच्या काही गोळ्या, कपड्यांतल्या डांबरगोळ्या यांनी पेशी फुटतात. वाटाणे, चवळी खुशाल खा. दादाने भीती तेवढी घरी आणली, खुशाली दवाखान्यातच ठेवली.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. हा दोष बापाकडून लेकीत जातो, तिला सहसा जाणवतही नाही, पण तिच्या मुलात उतरू शकतो. मिठबावला दादाच्या घरी त्याची लेक बाळंतपणाला आली आणि मुलगा झाला, तेव्हा घरात पेढे वाटले गेले. दादाने मात्र आधी बाळाचं रक्त तपासायला पाठवायला लावलं.

बारशाच्या दिवशीही निकाल आला नव्हता. दादा अंगणात येरझाऱ्या घालत होता. वहिनीने ट्रंकेतून घराण्याची कुंची काढली. या घरात जन्मलेल्या प्रत्येक मुलग्याला बारशाला तीच घालायची रीत. बाळाच्या डोक्यावर ती चढतेय तोच दादा धावत आत आला.

"काढ ती! आधी काढ! डांबरगोळ्यांत होती ती!"

त्याने ती ओढून अंगणात भिरकावली. बायका चरकल्या. वहिनी संतापली. "घराण्याची कुंची आसा ती! अपशकून करतास?"

"घराणा ऱ्हवांदे! पोर जगाक होया!"

मलाही तेव्हा वाटलं, याचं आता फारच झालं. तेवढ्यात लेकीच्या मोबाईलवर निकाल आला. तिने वाचला आणि नुसती मान हलवली. बाळात दोष होता. वहिनी मटकन खाली बसली आणि बाळाचं डोकं पदराने पुन्हा पुन्हा पुसू लागली.

दादा तुळशीपुढे जाऊन उभा राहिला. हात जोडून गाऱ्हाणं घालू लागला.

"बा देवा म्हाराजा, ह्या पोराच्या रक्तात जा काय उणा आसा, ता माज्याकडसून गेला. तेची जी काय पीडा आसात, ती माका दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हणालो.

लेक मात्र 'व्हय' म्हणाली नाही. बाळाला घेऊन ती त्याच्यासमोर आली. "माज्याकडसूनय गेला, बाबानू. घेवा तेका."

दादाने दोन्ही हात पुढे केले. बाळ जन्मल्यापासून त्याने त्याला एकदाही घेतलं नव्हतं, आणि ते आमच्यातल्या कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.