मागच्या दारचा दगडी पाला

माझे सासरे न्हावी. चाळीस वर्षं त्यांनी दाढ्या केल्या, पण नाव झालं ते दगडी पाल्यामुळे. दुकानाच्या मागच्या दाराशी हे रानटी रोप आपणहून पसरलेलं. गिऱ्हाइकाला वस्तरा लागला की सासरे दोन पानं तोडायचे, तळहातावर चुरगळायचे आणि हिरवा रस जखमेवर पिळायचे. झोंबायचं भयंकर, पण रक्त थांबायचं. पुढेपुढे लोक गुडघे फुटलेली पोरंही तिथेच आणू लागले. तुरटी कपाटात पडून असायची. तिला सासरे ‘विकतचा उपाय’ म्हणायचे.

साठी उलटली तसा त्यांचा हात थरथरायला लागला. गिऱ्हाइकं गालावर तीन-चार हिरवे ठिपके मिरवत बाहेर पडायची, "काय गुण आहे हो पाल्याला!" म्हणायची आणि पुढची दाढी घरीच करायची. सासऱ्यांना वाटायचं, पाल्याची कीर्ती वाढतेय.

माझी बायको त्यांच्याच दुकानात काम करते. ती मला म्हणाली, "बाबांना वस्तरा खाली ठेवायला सांग. माझं ऐकत नाहीत. तू जावई आहेस."

जावई म्हणून मी खुर्चीत बसलो. बोलायला तोंड उघडलं तोवर फेस लागला होता. एकदा कापलं, पाला आला. पुन्हा कापलं, पुन्हा पाला आला.

"लागलं का जावईबापू?"

"छे हो."

इतका भित्रा मी आयुष्यात कधी नव्हतो. तिसऱ्यांदा हनुवटी कापली आणि सासरे मागे गेले. बराच वेळ आलेच नाहीत. आले ते रिकाम्या हाताने.

"पाला संपला," ते म्हणाले.

चाळीस वर्षांत तो कधी संपला नव्हता. त्यांनी माझ्या हनुवटीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. वस्तरा पुसला, मिटला आणि मुलीला दिला. मला फार वाईट वाटलं. हनुवटीवर शेवटी तुरटीच फिरवली.

महिनाभर ते दुकानाकडे फिरकले नाहीत. घरी तोंड पाडून बसायचे, दाढी वाढत होती. एका सकाळी बायकोने त्यांना ओढत आणून खुर्चीत बसवलं. अर्धी दाढी झाली आणि त्यांच्या गालावर बारीकसा लाल ठिपका उमटला.

"हात हलला तुझा!" सासरे ओरडले, उठले आणि फेसासकट मागच्या दाराकडे धावले. तिथे पाला पुन्हा फुटला होता.

बायकोचा हात हललेला मी आजवर पाहिलेला नाही.

"दोनच पानं तोडा, बाबा," ती म्हणाली आणि वस्तरा पुसू लागली.