माय ओ देईना

राग माझ्या नाकावर असतो हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे, शाळेतल्या पोरांना तर जास्तच. पण त्या दिवशी नागपुरात तो राग नाकावरून उतरला आणि पायांत गेला, मी वेड्यासारखी धावत सुटले. आजही कोणी तिथल्या त्या मोठमोठ्या दुकानांच्या रस्त्याचं कौतुक करायला लागलं की मी विषय बदलते.

मायच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्याच्या दुसऱ्या दिवसाची ही गोष्ट. सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली, काळा चष्मा दिला आणि मला बजावून सांगितलं: दर दोन तासांनी औषधाचा थेंब, ऊन नको, धूळ नको, धक्का तर अजिबात नको. डावा डोळा आधीच गेल्यात जमा होता. त्या डोळ्यानं तिला खांब आणि माणूस सारखेच दिसत. म्हणजे जे काही होतं ते या कालच्या एका डोळ्यावर होतं, आणि तो सांभाळायचं काम माझ्याकडे होतं.

आमची ब्रह्मपुरीकडे जाणारी गाडी संध्याकाळची. मधे अख्खा दिवस मोकळा. माय म्हणाली, "स्टँडवर जाऊन बसू. तिथी पंखा आहे." तिचं सगळं चित्त गावाकडे. मार्च सरत आला होता, मोहाची फुलं पडायला लागली होती, आणि ही इथे चष्मा लावून बसलेली. मी म्हटलं, नवा डोळा आलाय तर त्याला काहीतरी नवं दाखवू. खरं सांगायचं तर मलाच पाहायचं होतं. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर बाकीच्या बाया त्या रस्त्यावरचे फोटो टाकतात, काचेच्या दुकानातले, कॉफीच्या कपासोबतचे. मी प्रत्येकीला "छान" म्हणून लिहिते आणि मनात जळते. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात गेली, एक फोटो आपलाही असावा, एवढीच हौस.

ऑटोतून उतरल्याबरोबर माझी जीभ बदलली. गावाकडचं "मले-तुले" जाऊन डी.एड.ला असताना मेहनतीनं कमावलेलं "मला-तुला" आपोआप बाहेर आलं, आणि त्याच्या मागोमाग तोंडातून निघालं, "आई, सांभाळून उतर." जन्मात मी तिला आई म्हटलं नव्हतं. माय, नाहीतर माय वो. पण तो रस्ताच तसा होता. फुटपाथवर कागदाचा कपटा नाही, झाडांच्या बुंध्यांना भर दिवसा दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या, दुकानांची दारं माणूस जवळ गेलं की आपली आपण उघडत होती, आणि येणारी-जाणारी माणसं इतकं हळू बोलत होती की आमच्याकडे मयताच्या घरीसुद्धा त्याहून मोठ्यानं बोलतात. तिथे "माय" कसं म्हणणार?

पहिल्या दोन दुकानांत मी "आई, इकडे" म्हटलं तर ती भलतीकडेच पाहत राहिली. मला वाटलं, औषधानं हिचे कानही मंदावले की काय. दंडाला धरून ओढलं तेव्हा आली.

जेवायला आम्ही वरच्या मजल्यावरच्या एका हॉटेलात गेलो. गाद्यांच्या खुर्च्या, कापडी रुमाल, आणि एसी इतका की मायनं पदर कानावरून घेतला. ताटलीत जे आलं ते तिनं चष्म्याआडून बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाली, "हे खायचं आहे का पाहायचं?" मला हसू आलं, पण मी ते गिळलं, कारण शेजारच्या टेबलावरच्या बाईनं वळून पाहिलं होतं.

तेवढ्यात मायचा फोन वाजला. तिचा फोन म्हणजे देवळातली आरती, आवाज पूर्ण वर. गावाहून वहिनी होती. माय फोनवर बोलते ती पलीकडचा माणूस वैनगंगेच्या त्या काठावर उभा आहे असं समजून. "पडले का मोह? आपल्या झाडाखाली कोन जाऊन राह्यलं?" मग डोळ्याची चौकशी झाली असणार, कारण माय म्हणाली, "साफ आहे डोया. पू नाई, पानी नाई. काल भलतं घान निघालं त्याच्यातून, आता काही नाई." सगळं हॉटेल आमच्याकडे पाहत होतं. एका मुलीनं चमचा खाली ठेवला.

मी हात लांब करून फोन काढून घेतला, बंद केला आणि माझ्या पर्समध्ये टाकला. दातांवर दात ठेवून म्हटलं, "आई, हे काही आपलं रान नाही. हळू बोल, नाहीतर बोलूच नकोस." मायनं माझ्याकडे पाहिलं की नाही ते काळ्या काचेमुळे कळलं नाही. ती पाणी प्यायली. फोन माझ्याकडेच राहिला.

खाली एक कपड्यांचं दुकान होतं. काचेआड निळा कुर्ता लावलेला मी येतानाच पाहून ठेवला होता. मायला आत सोफ्यावर बसवलं, म्हटलं, "इथून हलू नकोस, पाच मिनिटांत आले." पाच मिनिटांची वीस झाली असतील. निळा झाला, मग हिरवा, मग परत निळा. चार बाजूंनी आरसे होते आणि चारही आरशांत मी बरी दिसत होते, मग कशाला घाई करते? फोटोही काढला.

बाहेर आले तर सोफा रिकामा.

पहिल्यांदा रागच आला. वाटलं, हिला एक जागा धरून बसवत नाही. दुकानभर फिरले, मग दारावरच्या गार्डला विचारलं. तो म्हणाला, "माँजी? काला चश्मा? ठंड लग रही थी उनको, बाहर गयी." कधी? "काफी टाइम हुआ." मी त्याच्यावर खेकसले की रोखलं का नाही, आणि तो बिचारा म्हणाला की मॅडम, कस्टमर को कैसे रोकेंगे. त्याचं काय चुकलं होतं? माझंच चुकलं होतं, पण ते कळायला अजून अवकाश होता.

रस्त्यावर रणरणतं ऊन. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, नऊवारी लुगडं कुठेच नाही. मी "आई" म्हणून हाक मारली, पण त्या रस्त्याला शोभेल अशीच, अर्ध्या गळ्यानं. दोन बायांनी वळून पाहिलं, कारण त्याही कोणाच्या तरी आया होत्या. मी पुढे धावले, पुन्हा हाक मारली. वरच्या हॉटेलात जाऊन आले. कॉफीच्या दुकानात डोकावले. रस्त्याच्या टोकाला मोठा चौक होता, तिथे चारी बाजूंनी गाड्या सुसाट येत होत्या आणि मी तिथे उभी राहून, एका डोळ्यानं हा रस्ता कोणी कसा ओलांडेल याचा विचार करत होते. माय लिहायला-वाचायला शिकलेली नाही. पाट्या तिच्या कामाच्या नाहीत. फोन माझ्या पर्समध्ये. थेंबांची बाटली माझ्या पर्समध्ये. दोनचा थेंब होता आणि दोन वाजून गेले होते.

पर्समध्ये आरती वाजली. एक क्षण, खरंच सांगते, मला वाटलं मायचाच फोन आला. मग लक्षात आलं, अगं बये, तिचाच फोन तुझ्या पर्समध्ये वाजतोय. वहिनी होती. "मघा फोन कटला. मायले द्या न." मी म्हटलं, "झोपली आहे." भर चौकात उभी राहून मी हे इतक्या सहज बोलले की माझी मलाच किळस आली.

तिथून मी कपड्यांच्या दुकानाकडे परत फिरले. हाका मारतच होते. "आई", "आई". किती मारल्या, मोजल्या नाहीत. आणि एकाही हाकेला ओ नाही.

ओ न येणं म्हणजे काय, ते आमच्या भागातल्या बायांना सांगावं लागत नाही. मोह वेचायला पहाटे जातात. झाडं वाटलेली असतात, त्यामुळे मायलेकीसुद्धा दोन वेगळ्या झाडांखाली. वेचायचं तर वाकावं लागतं, आणि वाकलेलं माणूस जनावराला माणूस वाटत नाही. रानात आम्ही वाघ म्हणत नाही, जनावर म्हणतो. म्हणून थोड्या थोड्या वेळानं हाक द्यायची, "माय वोऽऽ", आणि तिकडून "ओऽऽ" यायलाच पाहिजे. ओ आली की पुन्हा खाली वाकायचं. मी तिसरीत होते त्या वर्षी एका सकाळी शेजारच्या काकीच्या पोरीनं हाक दिली, ओ आली नाही. तिनं पुन्हा दिली. आम्ही सगळ्या टोपल्या टाकून जागच्या जागी उभ्या राहिलो आणि त्या पोरीची हाक ऐकत राहिलो. मोठ्या बायांना पहिल्या हाकेलाच कळलं होतं. पोरगी मात्र देतच होती. काकी ओ द्यायला उरलीच नव्हती.

आता मी त्या पोरीसारखी उभी होते, हातात नव्या कुर्त्याची पिशवी घेऊन. आसपास माणसं हसत होती, आइस्क्रीम खात होती, स्वतःचे फोटो काढत होती. वाटलं, जर तिला काही झालं तर मी गावात काय तोंड दाखवू, आणि गाव जाऊ दे, मी माझ्याच घरात कशी राहू.

मग मी पिशवी फुटपाथवर ठेवली. डोळे मिटले. दोन्ही हात तोंडाशी नेले आणि बेंबीच्या देठापासून हाक दिली, "माय वोऽऽऽ."

सगळा रस्ता थबकला. काचेआडच्या लोकांनी मान वर केली, गार्ड धावत आला. मला कशाचं काही वाटलं नाही. मी फक्त ऐकत होते.

"ओऽऽ."

त्या कपड्यांच्या दुकानाच्या मागून आली. अगदी जवळून, एका भिंतीपलीकडून. मी धावले. दुकान संपलं तिथून एक बोळ आत जात होता, मी दोनदा त्याच्यावरून गेले होते. बोळात हॉटेलची रिकामी डबडी रचलेली, एक कडुलिंबाचं झाड, आणि सावलीत उपड्या क्रेटवर माय बसलेली. चष्मा जागेवर. पदर नाकातोंडावर धरलेला, धूळ जाऊ नये म्हणून. मी तिच्यासमोर मटकन खालीच बसले.

"कुठी जाऊन बसली वो माय? मी मरून राह्यली ना इथी."

"त्या दुकानात थंडीनं कुडकुडली मी," ती म्हणाली. "बाहेर आली त ऊन डोयात घुसे. डॉक्टरनं म्हटलं न, ऊन लागू देऊ नको. मंग सावली सावलीनं आली, अन् इथी बसली. तू निघाली का हाक मारशीन, मालूम होतं मले."

म्हणजे तिनं डॉक्टरचं सगळं पाळलं होतं. मला पुन्हा राग आला, पण तो आता रडण्यासारखाच होता. "एवढ्या हाका मारल्या मी. ओ काऊन नाई दिली?"

"कवा मारली? आता मारली तवा दिली न." मग ती माझ्याकडे झुकली आणि आवाज उतरवून, मी सांगितलं होतं तितक्या हळू म्हणाली, "पन इथी कोनतीतरी पोट्टी आहे वो. कवाची आई आई करून राह्यली होती. एक खेप नाई, धा खेपा. अन् तिची आई ओच देईना. मले त धसका बसला. काकीची सकाळ आठवली. मी उठून पाह्यलं, पन ह्या डोयाले अजून दुरचं काही समजत नाई." तिनं माझा हात धरला. "भेटली का वो तिले तिची आई?"

बोळाच्या तोंडाशी गार्ड येऊन उभा राहिला होता, त्याला मी हातानंच सांगितलं की जा, सापडली.

"भेटली," मी म्हटलं.

"बरं झालं," माय म्हणाली. "मंग थेंब टाक. येळ होऊन गेली असंल."

मी पर्समधून बाटली काढली, हात पुसले, तिचा चष्मा उतरवला. डोळा लाल होता पण साफ होता. पहिला थेंब गालावर पडला, दुसरा नाकावर. "नेम धर," ती म्हणाली.

"माय," मी म्हटलं.

"ओ," ती म्हणाली आणि मान वर केली.